एक घोट

परवा पोळा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला आमच्या यवतमाळकडे ‘कर’ म्हणतात. आदल्या दिवशी बैलांना पुरणपोळी आणि करीला माणसांना मटण, पत्ते आणि... ते! पुण्यातल्या मित्रांना हे सांगितलं की त्यांना गंमत वाटते. मलाही वाटायची. यंदा मात्र मी करीला ताईकडे गेलो नाही. का गेलो नाही, ते आज लिहितोय. हा ब्लॉग ताई आणि भाऊजी वाचतात, हे माहीत असूनच लिहितोय.

पाच वर्षांपूर्वीची कर. कळंब तालुक्यातलं ताईचं घर, मागच्या अंगणात चुलीवर रस्सा, आणि खाटांवर आम्ही चार-पाच पुरुष. भाचा तेव्हा तेरा वर्षांचा. पाण्याचा जग, चिरलेले कांदे असं काहीबाही आणून देत होता. मी माझा बियरचा ग्लास त्याच्यापुढे धरला.

"घे बे, एका घोटानं काई होत नाई. मामा देऊन राह्यला ना!"

सगळे हसले. त्यानं तोंड वाकडं केलं, पण गिळला. भाऊजी "काऊन बिघडवता पोराले" म्हणाले, तेही हसतच. ताई आत भाकरी टाकत होती. तिला आजपर्यंत हे माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी करीच्याच संध्याकाळी तो भाऊजींची बाईक घेऊन निघाला. वय सतरा. मागे त्याचा मित्र, दोघंही प्यायलेले. दारू रीतसर दुकानातून आणली होती, वय कुणी विचारलं नव्हतं. वळणावर गाडी पुलाच्या कठड्याला धडकली. भाच्याचा पाय मोडला. मित्राच्या डोक्याला मार लागला, तो अकरा दिवस दवाखान्यात होता. वाचला, पण एका कानानं त्याला आता ऐकू येत नाही.

ठाण्यात पहिला प्रश्न आला, गाडी कुणाच्या नावावर? भाऊजी म्हणाले, "साहेब, म्या कुठी चालवली?" पण 2019 साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक आणि गाडीमालक दोषी धरले जातात. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण अडवायचा प्रयत्न केला होता, हे सिद्ध करायचं कामही पालकाचंच. आणि मुलाला पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. ड्रायव्हर व्हायची स्वप्नं बघणाऱ्या पोराला हे सांगायचं काम माझ्याकडे आलं.

मी सांगत होतो आणि तो प्लास्टरकडे बघत ऐकत होता. मध्येच म्हणाला, "पयली त तुमीच देल्ली होती, मामा."

रागानं नाही हो. अगदी सहज. आठवण काढल्यासारखं.

त्या रात्री बाल न्याय कायदा, 2015 उघडून बसलो. कलम 77 : डॉक्टरच्या सांगण्यावाचून मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. मूल म्हणजे अठरा वर्षांच्या आतला कुणीही. दारू ‘देणारा’ म्हणजे फक्त दुकानदार, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. मामासुद्धा देणाराच! पुढचं कलम 78 मुलांना दारू विकायला, पोचवायला वापरण्याबद्दल आहे, शिक्षा तेवढीच. ‘जा रे, एक क्वार्टर घेऊन ये’ म्हणणारे किती बाप आपल्या ओळखीचे आहेत, मोजा जरा. महाराष्ट्रात बियरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षांची अट आहे, हेही त्यातल्या कितीजणांना माहीत असेल?

19 मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्श गाडीनं दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा तीनशे शब्दांच्या निबंधावरून सगळा देश संतापला होता. मीही. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता. त्या प्रकरणात बापाला अटक झाली, दारू देणाऱ्या बारवाल्यांना झाली. मी चहा पीत ‘असंच पाहिजे’ म्हणालो होतो. श्रीमंतांची पोरं, श्रीमंतांचे बाप... आपला काय संबंध!

आमच्या शेजारच्या वर्ध्यात आणि तिकडे गडचिरोलीत दारूबंदी आहे. चंद्रपुरात 2015 ला आली, 2021 ला उठली. आमच्या जिल्ह्यातही बायका दारूबंदीसाठी मोर्चे काढत आल्यात. बंदीनं काय साधतं, यावर मी पूर्वी तावातावानं वाद घातलेत. आता तो वाद घालावासा वाटत नाही. ताईच्या अंगणात दुकानही नव्हतं आणि सरकारही नव्हतं. मी होतो.

एका घोटानं हे सगळं झालं का? नसेलही. पोरं मित्रांकडून शिकतात, हे खरं. पण कोवळ्या वयात मेंदूचा सारासार विचार करणारा भाग अजून घडत असतो. त्या वयात ‘काई होत नाई’ हे त्याला मी शिकवलं, आणि तेही लाडानं.

असो. ताई, चुकलं माझं. समोर बसून सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहिलं.

पुढच्या वर्षी करीला येईन. धाकटा तेव्हा बारा वर्षांचा होईल. तो पाण्याचा जग घेऊन येईल, तेव्हा माझ्या हातात ग्लास नसेल. सध्या एवढंच ठरवलंय.