बंद केलेली चिप खरंच बंद असते का?

"स्विच बंद केला की वीज बंद" असं आपण मुलांना शिकवतो. साध्या टॉर्चपुरतं ते बरोबर आहे. आता शाळेत आर्डुइनो आलेत, आणि तिथे हे वाक्य अपुरं पडतं.

आमच्या आठवीच्या मुलांनी दोन आर्डुइनो ऊनो बोर्ड जोडले होते. एकाची पाठवणारी पिन दुसऱ्याच्या घेणाऱ्या पिनला, आणि ग्राउंडला ग्राउंड. दुसऱ्याची यूएसबी केबल काढली, तरी त्याचा दिवा मिणमिणतच होता. एक मुलगी म्हणाली, "सर, हा बंद झालाच नाही." गटातले हसले, "अगं, केबल तर तुझ्या हातात आहे!" मी म्हटलं, हसू नका, मोजू या. मल्टिमीटर लावला, तर बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनवर दोन व्होल्टच्या वर आकडा. सगळे गप्प.

मग फळ्यावर चिपचं पोट काढलं. पिनेच्या आत छोटे संरक्षक डायोड असतात. बोटातून स्थिर विजेचा झटका बसला, तर तो पुरवठ्याकडे किंवा ग्राउंडकडे वळवणं हे त्यांचं काम. पण पुरवठाच नसताना पिनेवर ५ व्होल्ट आले, की वरचा डायोड वाहू लागतो आणि वीज आतल्या पुरवठ्यात शिरते. सिरियल जोडणीत पाठवणारी पिन रिकामी बसलेली असतानाही ५ व्होल्टवरच असते. म्हणजे दार बंद, पण खिडकी सताड उघडी!

यात तोटा काय? चिप ना धड बंद, ना धड चालू. केबल परत लावल्यावर ती कधीकधी नीट रिसेट होत नाही, आणि पोरं बिचारी बरोबर असलेल्या प्रोग्राममध्ये चुका शोधत बसतात. शिवाय हे डायोड क्षणभराच्या झटक्यासाठी असतात. सतत प्रवाह वाहिला तर पिन खराब होऊ शकते.

उपाय सोपे आहेत. दोन्ही बोर्ड एकाच वेळी चालू-बंद करा. एकच बंद करायचा असेल, तर आधी प्रोग्राममधून पाठवणारी पिन 'लो' करा, नाहीतर सिग्नलची तार काढा. तारेत १ किलोओहमचा रोधक घातला तर प्रवाह ५ मिलिअँपिअरच्या आत राहतो. गळती थांबत नाही, पण इजा टळते.

पालकांनो, घरी मूल असं काही दाखवायला आलं, तर मल्टिमीटर त्याच्याच हातात द्या. फक्त प्रयोग ५ व्होल्टवरच. घरातल्या प्लगवर नाही.