जुन्या गाडीचे अंतरंग

जुनी मोटारगाडी दिसली की पाहणाऱ्याची नजर प्रथम तिच्या रंगावर जाते. बॉनेट चकाकते आहे का, बंपरचा मुलामा शाबूत आहे का, पत्र्याला कोठे पोचा आहे का, एवढे न्याहाळून तो आपले मत बनवून मोकळा होतो. गाडीत बसणाऱ्याचे मात्र तसे नसते. त्याचा संबंध गादीशी, दाराच्या मुठीशी, डोक्यावरच्या अस्तराशी आणि पायांखालच्या फरशीशी येतो. गाडीची बाहेरची बाजू रस्त्याची असते, आतली बाजू घराची. म्हणूनच जुन्या गाडीला नवा रंग देणारे पुष्कळ भेटतात. तिचे अंतरंग दुरुस्त करणारे थोडे.

आमच्या वडिलांच्या पश्चात आम्हा तीन भावंडांकडे 1978 सालची एक प्रीमियर पद्मिनी आली. वसईच्या आमच्या घरामागे, झापाच्या आडोशाला, ती काही वर्षे उभी होती. इंजिन थोड्या खटपटीने सुरू झाले. पण दार उघडले तेव्हा ओल्या तरटाचा, गंजाचा आणि उंदरांचा असा काही दर्प आला की, ही गाडी भंगारात द्यावी की ठेवावी, हा प्रश्न त्याच क्षणी उभा राहिला. तो पुढे बरेच दिवस आमच्यात धुमसत राहिला.

या गाडीविषयी तरुण वाचकांना दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या तयार होऊ लागल्या. 1964 पासून इथे निघालेली ‘फियाट 1100 डिलाइट’ हीच सत्तरीच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. 1089 सी.सी.चे इंजिन, सुकाणूच्या दांड्यालाच जोडलेला गिअर आणि पुढच्या दारांना हवेसाठी त्रिकोणी काचा, ही तिची ओळख. त्या काळी नवी गाडी हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. 1983 च्या अखेरीस मारुती आली आणि चित्र पालटू लागले. 2000 च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने, ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदलेली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. ज्या गाडीत अर्धी मुंबई बसली, ती अशी आता बहुतांशी आठवणीत उरली आहे.

आमच्या आळीत वडिलांची ही पहिली गाडी. साहजिकच ती एकट्या घराची राहिली नाही. आळीतल्या नवऱ्या मुली तिच्यातून चर्चला गेल्या. आजाऱ्यांना तिने दवाखाना दाखवला. एका जुलैच्या रात्री, रस्त्यावर गुडघाभर पाणी असताना, शेजारच्या वहिनींना वडिलांनी तिच्या मागच्या गादीवर निजवून नेले आणि दवाखान्याच्या फाटकातच बाळाने पहिला टाहो फोडला. ती मुलगी आज स्वतः आई आहे. हे सारे ठाऊक असल्यामुळे ‘भंगार’ हा शब्द आईसमोर उच्चारणे आम्हाला जड जाई.

गाडी ठेवायची हे ठरले, तरी कशी ठेवायची यावर एकमत नव्हते. आखातात नोकरी करणारे आमचे थोरले बंधू म्हणत, आतले सगळे उपसून टाका. नव्या धर्तीची फोमची आसने बसवा, प्लास्टिकचा डॅशबोर्ड लावा, वातानुकूलन करून घ्या. धाकट्या बहिणीचे म्हणणे नेमके उलटे, की कशालाच हात लावू नका. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. मग गाडी बसण्याजोगी कशी होणार, की ती नुसती आठवणींची पेटी होणार? शेवटी तोडगा निघाला तो आळीच्या नाक्यावर गादीकाम करणाऱ्या वृद्ध कुशनवाल्या चाचांच्या एका वाक्यातून. ते म्हणाले, “आधी जमीन बघा. जमीन ओली असेल तर वर मखमल घातलीत तरी कुजणार.”

आणि जमीन ओलीच होती. रबरी चटई उचलली तेव्हा तिच्याखालचे तरट काळे पडून पत्र्याला चिकटलेले आढळले. ते खरवडताच चालकाच्या पायांखाली तळहाताएवढे भोक उघडे पडले. पाणी शिरते कोठून, हे शोधण्याची रीत चाचांनीच सांगितली. एकाने आत विजेरी घेऊन बसायचे आणि दुसऱ्याने बाहेरून पाणी ओतायचे. पण ते वरून नव्हे, खालून वर, टप्प्याटप्प्याने. एकदम छपरावर ओतले तर पाणी सगळीकडून वाहते आणि वाट कळत नाही. या रीतीने दोन चोर सापडले. एक म्हणजे पुढच्या काचेभोवतीचे कडक होऊन तडकलेले रबर. दुसरा म्हणजे दारांच्या तळाशी असलेली बारीक छिद्रे. काचेच्या फटीतून दारात उतरणारे पावसाचे पाणी निघून जावे म्हणून ती छिद्रे ठेवलेली असतात. माती आणि पाचोळा साचून ती बुजतात आणि दार आतून हंड्यासारखे भरून राहते.

छिद्रे मोकळी केली, रबर बदलले, आणि मगच फरशीला हात घातला. सैल गंज तारेच्या ब्रशने काढला. खोलवर रुतलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावले. ते गंजाशी संयोग पावून त्याचे टणक, काळपट थरात रूपांतर करते. जिथे पत्राच उरला नव्हता तिथे वेल्डरकडून कड कापून नवा तुकडा जोडून घेतला. त्याआधी बॅटरी सोडवून ठेवली होती आणि आसपासचे सारे जळाऊ सामान बाहेर काढले होते. मग रेड ऑक्साइडचा हात, त्यावर रंग, आणि खालच्या बाजूने डांबरी लेप. ही सारी कामे चटईखाली झाकली जाणारी. कोणी पाहणार नाही, वाखाणणार नाही. पण समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्या आम्हा वसईकरांना गंजाचा स्वभाव चांगला ठाऊक आहे. तो झाकल्याने मरत नाही. झाकणाखाली निवांतपणे वाढतो.

आता गाद्या. जुन्या गादीची रचना उकलून पाहणे हा एक धडाच आहे. तळाला लोखंडी चौकट, तिच्यात स्प्रिंगा, स्प्रिंगांवर तरट, त्यावर काथ्याचा थर, त्यावर कापूस आणि सर्वांत वर रेक्झिन. रेक्झिन हे मुळात एका इंग्रजी कंपनीच्या मालाचे नाव. कापडावर लेप देऊन केलेले ते कृत्रिम चामडे. पुढे पी.व्ही.सी.चा लेप दिलेल्या कापडालाही आपण तेच नाव देऊन बसलो. या पी.व्ही.सी.ला मऊपणा येतो तो त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यांमुळे. उन्हाने ती द्रव्ये हळूहळू उडून जातात, मग रेक्झिन पापडासारखे कडक होते आणि शिवणीच्या रेषेवर फाटते. म्हणून फाटलेल्या जागी ठिगळ चिकटवून फारसे साधत नाही. शेजारची जागा तितकीच जीर्ण झालेली असते.

फोम की काथ्या, हा वाद इथे पुन्हा डोके वर काढू लागला. चाचांनी तो शांतपणे मिटवला. फोम बसायला मऊ खरा, पण आपल्या दमट हवेत तो पाणी धरून ठेवतो आणि कालांतराने त्याचा भुगा होतो. काथ्याच्या धाग्यांतून हवा खेळते; भिजला तरी तो वाळतो. मग स्प्रिंगा घासून रंगवल्या, मोडलेल्या तीन बदलल्या, नवे तरट ताणून बांधले, त्यावर रबर मारलेल्या काथ्याचा थर आणि केवळ वरच्या बोटभर जाडीसाठी दाट फोम, अशी तडजोड ठरली. रेक्झिनचे जुने तुकडे शिवण उसवून अलग केले, त्यांवर खडूने क्रमांक घातले आणि तेच नव्यासाठी नमुने म्हणून वापरले. चाचांचे हात दाभण चालवताना थरथरत, पण टाका चुकत नसे. मागच्या गादीची चौकट मात्र मुळीच बदलायची नाही, हे आम्ही तिघांनी न बोलता मान्य केले होते.

दारांच्या आतल्या फळ्या हार्डबोर्डच्या होत्या. पाणी पिऊन त्या फुगल्या होत्या, त्यांचे पापुद्रे सुटले होते. जुन्या फळीवरून माप घेऊन पातळ जलरोधक प्लायच्या नव्या फळ्या कापल्या आणि दोन्ही अंगांना व कडांना व्हार्निश दिले. कडेला देणे महत्त्वाचे, कारण लाकूड पाणी पिते ते कडेनेच. फळी आणि पत्रा यांमध्ये प्लास्टिकचा पडदा चिकटवला. छताचे अस्तर आडव्या तारांवर ताणलेले असते आणि प्रत्येक तारेचा बाक वेगळा असतो. म्हणून काढतानाच तारांना क्रमांक दिले. नवे अस्तर मधल्या तारेपासून आरंभून पुढे-मागे ताणत नेले, सर्वांत शेवटी बाजूंच्या कडा चिकटवल्या, आणि राहिलेल्या सुरकुत्या सकाळच्या उन्हात ठेवून घालवल्या.

सुकाणूचे कडे पातळ, हस्तिदंती रंगाचे. त्याला जागोजागी तडे गेले होते. तडा नुसता वरून लिंपला तर तो पुन्हा उघडतो. म्हणून प्रत्येक तडा कानशीने रुंद करून आतल्या सळीपर्यंत मोकळा केला, त्यात इपॉक्सीची लांबी भरली, वाळल्यावर पाणपेपरने घासून गुळगुळीत केली आणि मग रंग दिला. जखम भरण्यासाठी आधी ती थोडी वाढवावी लागते, हे शहाणपण डॉक्टरांपुरतेच नाही, असे तेव्हा वाटून गेले.

डॅशबोर्ड पत्र्याचा होता. त्याचा मूळ रंग कोणता, यावर घरात चार मते. उन्हाने तो फिकट झाला होता आणि दोनदा वरून रंगवलाही गेला होता. आईने गाडी घरी आली त्या दिवशी त्यावर संत ख्रिस्तोफरचे एक लहानसे पितळी पदक बसवले होते. रंगकामासाठी ते हलकेच सोडवले, तेव्हा त्याच्याखाली रुपयाएवढे वर्तुळ उरलेले दिसले. गडद, निळसर हिरवे. ऊन, वारा, ब्रश यांपैकी काहीच तिथे पोहोचले नव्हते. रंगाच्या दुकानदाराला तोच भाग दाखवून तसा रंग मिसळून घेतला. सगळ्या तारांना चिकटपट्टीच्या खुणा बांधून घड्याळे काढली, जुना रंग उतरवला, प्रायमर दिला, आणि डॅशबोर्डला त्याचा मूळ वर्ण परत लाभला. पदक पुन्हा त्याच जागी बसले.

एक गोष्ट आम्ही दुरुस्त केली नाही. चालकाच्या दारावर हात टेकण्याची जी जागा आहे, तिथले रेक्झिन वडिलांच्या कोपराने झिजून मऊ आणि तुकतुकीत झाले आहे. सारे नवे होत असताना तो एक तुकडा विजोड दिसेल, असे थोरल्या बंधूंनी प्रथम सुचवले खरे. पण सुटीवर आल्यावर त्यांनीच दारात बसून त्यावर आपला हात टेकवून पाहिला आणि विषय तिथेच संपला. चाचांनी त्या तुकड्याभोवती नवे रेक्झिन इतक्या बेताने जोडले की शिवण शोधावी लागते. फाटलेले बदलावे, झिजलेले राखावे, हा फरक त्यांनी आम्हाला शब्दांनी शिकवला नाही, दाभणाने शिकवला.

या कामाला दोन पावसाळे लागले. खर्च झाला तो आता तिघांनाही बोचत नाही. बोचते ते हे, की चाचांच्या मुलांपैकी कोणी गादीकाम शिकलेले नाही. तयार कव्हरे मिळतात, ती वरून चढवली की भागते. कुर्ल्याच्या आणि चोरबाजाराच्या गल्ल्यांत सुटे भाग अजून शोधता येतात. पण जुन्या गादीचे पोट उघडून तिचा आजार ओळखणारा हात एकदा गेला तर तो कोणत्या बाजारात मिळणार? वाचकांपैकी ज्यांच्या अंगणात अशी एखादी गाडी ताडपत्रीखाली उभी असेल, त्यांना आमची एवढीच विनंती, की पुढचा पाऊस येण्यापूर्वी तिच्या चटया उचलून पाहा, दारांची छिद्रे काडीने मोकळी करा, आणि आसपास कोणी जुना कारागीर असेल तर तो आहे तोवर त्याला बोलावून घ्या.

गाडी तयार झाली त्या संध्याकाळी आई पुढच्या आसनावर जाऊन बसली. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे तिला हल्लीच्या उंच गाड्यांत चढवत नाही. इथे ती कोणाचा हात न धरता बसली. तिने नव्या अस्तराकडे पाहिले नाही की रंगाकडेही पाहिले नाही. सवयीने हात पुढे करून त्रिकोणी काच उघडली, वारा तोंडावर घेतला, आणि आम्हाला म्हणाली, “चला, उशीर कशाला करता?”