मूक की बोलका?

मोर्चा म्हटलं की डोळ्यांसमोर गर्दी येते, झेंडे येतात, घोषणा येतात. प्रत्यक्षात मोर्चा म्हणजे नव्वद टक्के फोन, पाच टक्के कार्डशीट आणि उरलेलं चालणं. हे मी आता अनुभवाने सांगू शकते. २०२५च्या ८ मार्चला आमच्या भागातल्या बायकांनी रात्री नऊ वाजता मोर्चा काढला. त्याआधीचे आठ दिवस मी नोकरी, स्वयंपाक आणि फोन एवढंच करत होते. नंतर बऱ्याच जणांनी विचारलं, कसं जमवलंत, उपयोग काय झाला, आणि (हे नातेवाइकांनी!) तुला काय गरज होती? तर एकदाच सगळं लिहून टाकते.

निमित्त तुम्हाला माहीत आहेच. २५ फेब्रुवारी २०२५ला पहाटे पुण्यात स्वारगेटच्या आगारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका २६ वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला. ती फलटणला निघाली होती. तुझी बस तिकडे लागली आहे असं सांगून त्याने तिला नेलं. 'दीदी' म्हणून हाक मारली होती असं बातम्यांत आलं. हे वाचून मला सगळ्यात जास्त त्या हाकेचा त्रास झाला. आपल्याकडे अनोळखी माणसाला ताई, दादा, मावशी म्हणायचं म्हणजे काय, तर तुम्हाला माझ्यापासून धोका नाही असं सांगायचं. आणि स्वारगेट काही लांबचं ठिकाण नाही. आमच्यातल्या प्रत्येकीने तिथून कधी ना कधी पहाटेची गाडी पकडलेली आहे.

मग दोन दिवसांत नेहमीची चर्चा सुरू झाली. ती बसमध्ये चढलीच कशी? ओरडली का नाही? राज्याच्या एका मंत्र्यांनीसुद्धा, तिने प्रतिकार केला नाही म्हणून आसपासच्या लोकांना कळलं नाही, अशा अर्थाचं विधान केलं. नंतर खुलासा आला, पण जे बोललं जायचं ते बोलून झालं होतं.

त्या शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही चौदा जणी जमलो. मला वाटलं होतं तासाभरात ठरेल. तीन तास लागले, कारण प्रत्येक साध्या प्रश्नाच्या पोटात एक मोठा प्रश्न निघत होता.

पहिला प्रश्न वेळेचा. बहुतेकींचं मत संध्याकाळी सहा. तेव्हा आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "सहाला आमची कामं चालू असतात. आम्ही नऊनंतर मोकळ्या होतो, आणि अंधारातून घरी आम्हीच जातो." झालं, वेळ ठरली. चौकीवर परवानगीचा अर्ज द्यायला गेलो तर तिथले साहेब अगदी कळकळीने म्हणाले, "ताई, रात्री कशाला? दिवसा काढा, सेफ पडेल." मी म्हटलं, "साहेब, तेवढ्यासाठीच रात्री काढतोय." ते हसले आणि त्यांनी अर्ज घेतला. मार्ग, वेळ, अंदाजे माणसं, जबाबदार व्यक्तींची नावं आणि फोन नंबर एवढं त्यात लिहावं लागतं. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही. शिवाय दहावीची परीक्षा सुरू होती, म्हणून आम्ही लाउडस्पीकर मागितलाच नाही.

रात्रीच्या मोर्चाची कल्पना काही आमची नव्हे. इंग्लंडमध्ये लीड्स आणि इतर शहरांत नोव्हेंबर १९७७मध्ये बायका रात्री रस्त्यावर उतरल्या होत्या. तिकडे एका खुन्याचा शोध लागत नव्हता आणि पोलिसांचा सल्ला होता, बायकांनी रात्री घरात थांबावं. बायकांचं म्हणणं, गुन्हा करणारा पुरुष आणि संचारबंदी आम्हाला? कोलकात्यात तरुण डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, त्यानंतर १४ ऑगस्ट २०२४च्या रात्री बंगालभर बायका रस्त्यावर आल्या, त्यांचीही मागणी तीच होती. रात्र आमचीही आहे. ती डॉक्टर तर रात्रपाळीत स्वतःच्या कामाच्या जागी होती. आणखी किती सुरक्षित राहायचं माणसाने?

दुसरा प्रश्न शब्दाचा. फलकावर 'बलात्कार' लिहायचं की नाही? एक आजोबा (मोर्चाला पूर्ण पाठिंबा असलेले, हे आवर्जून सांगते) म्हणाले, लहान मुलं वाचतील, 'स्त्री सुरक्षा' लिहा. मराठीत या गोष्टीसाठी आडवळणाचे किती शब्द आहेत ते त्या दिवशी मोजले. अतिप्रसंग, गैरप्रकार, नको ते घडलं, अब्रू गेली, तोंड काळं केलं. गंमत बघा, यातल्या निम्म्या शब्दांत करणारा कुठेच नाही. अब्रू जाते ती तिची, आणि ती जणू आपोआप जाते. बैठकीला आईबरोबर आलेल्या बारा वर्षांच्या मुलीने शांतपणे सांगितलं, "आजोबा, आम्हाला शब्द माहितीये. फक्त मोठ्यांसमोर बोलायचा नसतो एवढंच." त्यानंतर फलकावर काय लिहायचं यावर चर्चा झाली नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड निघाला. मूक मोर्चा काढायचा की घोषणा द्यायच्या? आपल्याकडे मूक मोर्चाला मोठा मान आहे. कोपर्डीच्या घटनेनंतर २०१६मध्ये महाराष्ट्रभर निघालेले मराठा क्रांती मोर्चे अनेकींनी पाहिले होते. पुढे मुली, लाखो माणसं आणि आवाज नाही. ती शिस्त अंगावर काटा आणणारी होती. पण एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "ओरडली का नाही असं जग विचारतंय, आणि आपण तोंड मिटून चालायचं?"

मग त्यांनीच मथुरा खटल्याची गोष्ट सांगितली. मला ती अर्धवट माहीत होती. १९७२च्या मार्चमध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता, आज गडचिरोलीत आहे. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये पुन्हा निर्दोष सोडलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, म्हणजे संमती असणार. चौकीत, पोलिसांपुढे, रात्री! १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. निमूटपणे सहन करणं आणि संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्याचा गाभा. ८ मार्च १९८०ला मुंबई, दिल्ली, नागपूर अशा शहरांत बायका त्यासाठी रस्त्यावर आल्या. १९८३मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि संमती नव्हती असं स्त्रीने कोर्टात सांगितलं, तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं, असं ठरलं. पीडितेची ओळख उघड करायला बंदी आली तीही तेव्हाच.

म्हणजे आमचा मोर्चा बरोबर पंचेचाळीस वर्षांनी त्याच तारखेला निघत होता, आणि प्रश्न तोच. ओरडली का नाही.

ओळखीच्या बंदीचा लगेच उपयोग झाला. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'हीच ती मुलगी' म्हणून एक फोटो फिरत आला. तो कोणाचा होता देव जाणे. हा गुन्हा आहे, नव्या न्याय संहितेतही कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, असं लिहिल्यावर पाच मिनिटांत तो गायब झाला. :)

मूक की बोलका यावर शेवटी दोन्हीचा मेळ घातला. दहावीच्या मुलांसाठी वस्तीतून मुकाट्याने चालायचं. कालव्याकाठच्या अंधाऱ्या पट्ट्यात, जिथे सगळ्याजणी एरवी पाय उचलून जातात, तिथे थांबायचं आणि ओरडायचं. घोषणा नाही, नुसतं ओरडायचं.

पुरुषांचं काय करायचं हाही प्रश्न होता. काही तरुणांनी दोन्ही बाजूंनी साखळी करून संरक्षण द्यायची तयारी दाखवली. मनापासून होती, पण संरक्षण घेऊन चालायचं तर मोर्चा कशाला, असं बहुतेकींचं म्हणणं पडलं. त्याऐवजी त्यांना सांगितलं, मुलांना जेवू घाला, झोपवा, म्हणजे त्यांच्या आया येऊ शकतील. सतरा घरांत त्या रात्री खिचडी झाली. ज्यांच्याकडे लहान मुलं नव्हती ते मागे पाण्याच्या बाटल्या घेऊन चालले.

आम्ही साधारण दोनशे जणी होतो. रिक्षा स्टँडवरचे लोक उठून उभे राहिले. वाइन शॉपसमोरचा घोळका आपोआप पांगला. कालव्यापाशी मोबाइलचे टॉर्च लावले आणि एकीने हात वर केला. पहिले काही सेकंद कोणाच्या तोंडून आवाजच फुटेना. आपण ओरडायला शिकलेल्याच नाही आहोत, हे तेव्हा कळलं. मग मागून कोणीतरी सुरुवात केली आणि... ते काही मला लिहिता येणार नाही. माझ्या शेजारच्या सत्तरीच्या काकू ओरडून झाल्यावर खोकत खोकत म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून एवढा आवाज काढला नव्हता गं."

उपयोग काय झाला? बंद दिव्यांची यादी करून अर्ज दिला, त्यातले बरेचसे लागले. दर महिन्याला हॉलमध्ये बसून बोलायचं ठरलं. पण खरी गोष्ट चौथ्या प्रश्नात होती, आणि तो मोर्चाने सुटणारा नाही.

'फाशी द्या' असे फलक हवेत असं काहींचं म्हणणं होतं. राग मला कळतो. पण दिल्लीच्या घटनेनंतर नेमलेल्या वर्मा समितीने जानेवारी २०१३च्या अहवालात कायदा कडक करायला सांगितलं, तरी बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नव्हती. आणि दुसरा आकडा त्याहून बोलका आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१च्या अहवालात बलात्काराचे ३१,६७७ गुन्हे आहेत, आणि त्यातल्या ९५ टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा आहे. शेजारी, नातेवाईक, मित्र, मालक. हा आकडा मी बैठकीत वाचला तेव्हा हॉल एकदम गप्प झाला. अनोळखी माणसाला फाशी मागणं सोपं असतं. ओळखीच्याचं नाव घ्यायचं म्हटलं की आवाज बसतो.

आता थोडं घरच्यांसाठी. आपल्या नात्यात एक गृहस्थ आहेत. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलं. लहानपणी प्रत्येक लग्नात मंगल कार्यालयात रात्री गाद्या घातल्या की आजी आम्हा मुलींना सांगायची, तिकडे नको, इकडे माझ्याजवळ झोपा. का ते सांगायची नाही. आम्ही विचारायचो नाही. आजीच्या हातात जेवढं होतं तेवढं तिने केलं, आणि त्यासाठी मी तिची ऋणी आहे. पण बघा ना, जागा आम्ही बदलायचो, अंगत-पंगत आमची मोडायची, आणि ते गृहस्थ मांडवात मानाने मिरवायचे. आजही निमंत्रणपत्रिकेच्या यादीत ते असतात.

पुढचं लग्न आपल्याकडे आहे आणि यादी माझ्याकडे आहे. त्यात ते नाव नाही. एक फोन येऊन गेला, "एवढ्या वर्षांनी कशाला? ते आता थकलेत." थकले असतील. पण पाहुण्यांत आठ ते पंधरा वयाच्या सहा मुली आहेत, आणि त्यांतल्या एकीलाही रात्री गादी उचलून दुसरीकडे जायला कोणी सांगणार नाही.

यादीबद्दल ज्यांना बोलायचं असेल त्यांनी मला फोन करावा. आईला करू नये.