बिननावाचे चौतीस कागद

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण नेहमीचंच. सेमिस्टर संपत आली की तोंडी परीक्षा, अंतर्गत गुण आणि त्या गुणांचे तक्ते... परवा आत्याचा फोन आला, "काय गं, लिहिणं सोडलंस की काय?" तेव्हा म्हटलं, आता बसायलाच हवं.

मी शिराळ्यात तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवते, हे नेहमीच्या मंडळींना ठाऊक आहेच. यंदा वाट्याला आलं बालविकासाचं मानसशास्त्र. गर्भावस्थेपासून पौगंडावस्थेपर्यंत सगळं एका सेमिस्टरमध्ये. म्हणजे मूल वाढायला जी वर्षं घेतं, ती आम्ही काही आठवड्यांत उरकतो :)

शेवटून दुसऱ्या तासाला मी वर्गात कोरे कागद वाटले. म्हटलं, हा विषय कसा वाटला ते लिहा. नाव घालू नका, गुणांशी याचा काही संबंध नाही. चौतीस कागद आले. घरी चहा घेत वाचायला बसले.

बरेचसे अपेक्षित होते. 'विषय सोपा, नावं अवघड.' 'पियाजे, व्हायगॉटस्की, एरिकसन यांची गल्लत होते.' 'नोट्स सावकाश द्याव्यात.' एकानं नुसतंच लिहिलं होतं, 'छान.' (चौतीसातले असे 'छान' किती, ते सांगत नाही.)

एक कागद वाचून मात्र मोठ्यानं हसले. 'अल्बर्टचा प्रयोग शिराळ्यात फेल गेला असता.' ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : १९२० साली जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी एका तान्ह्या बाळापुढे पांढरा उंदीर सोडला आणि त्याच वेळी मागे लोखंडी कांबीवर हातोडा आपटला. असं अनेकदा केल्यावर बाळ नुसता उंदीर दिसला तरी रडायला लागलं. भीती शिकवता येते, असा त्याचा अर्थ. आता आमच्या गावाची नागपंचमी जगाला ठाऊक. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१४ पासून जिवंत नागांच्या मिरवणुका आणि खेळ थांबले, पण या मुलांनी लहानपणी फणा काढलेला नाग हातभर अंतरावर पाहिलेला. खरं तर त्या पोरानं वॉटसनला खोटं नाही पाडलं, उलट त्याचंच म्हणणं पुढे नेलं. भीती शिकता येते, तशी न भिणंही शिकता येतं. उत्तरपत्रिकेत हे लिहिलं असतं तर पैकीच्या पैकी दिले असते.

तीन-चार जणांची एकच तक्रार होती. 'पुस्तकातलं मूल आमच्याकडचं नाही.' हे मला पटलं. पियाजेनं सुरुवातीची निरीक्षणं केली ती स्वतःच्याच तीन मुलांवर, स्वित्झर्लंडमध्ये. त्या मुलांना ना शेळ्या राखायच्या होत्या, ना टँकरची वाट पाहायची होती.

आणि मग तो कागद आला. अक्षर बारीक, रेघ सोडून लिहिलेलं. जसं आठवतंय तसं सांगते.

'खेळ ही मुलाची गरज आहे असं आपण शिकलो. मी तिसरीत असल्यापासून भावाला सांभाळलं. आई भांगलायला जायची. तो माझ्या कडेवरच वाढला. एक वर्ष शाळा बुडली. हा पेपर शिकताना मला आईचा राग यायला लागला. गणपतीत तिच्याशी धड बोलले नाही. मॅडम, माझा विकास अर्धवट झालाय का?'

चहा गार झाला.

मी काय शिकवलं होतं ते आठवायला लागले. बोल्बीचा आसक्ती सिद्धांत एका तासात. आई आणि मूल यांचं नातं, ते तुटलं तर होणारे परिणाम, पाच मुद्दे, लिहून घ्या. समोर बसलेल्यांपैकी कुणी त्या पाच मुद्द्यांवर स्वतःचं घर तपासून बघत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि मी तरी कोण? माझा मुलगा सासूबाईंच्या हाताखाली वाढला. मी सकाळची एसटी पकडायचे तेव्हा तो झोपलेला असायचा. तो धडा शिकवताना मी फळ्याकडे तोंड करून बोलत होते, हे आता कबूल करते.

रात्री एम.ए.च्या जुन्या वह्या काढल्या. एमी वर्नर सापडली. एम.ए.ला आवडलेली आणि 'परीक्षेला येत नाही' म्हणून यंदा मीच गाळलेली.

शेवटच्या तासाला उजळणी बाजूला ठेवली आणि वर्नर सांगितली. हवाई बेटांमधलं कवाई हे एक बेट. तिथं १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा वर्नर आणि तिच्या सहकाऱ्यांनी ती चाळिशीला येईपर्यंत पाठपुरावा केला. ज्यांच्या वाट्याला गरिबी, घरातली भांडणं, आई-बापांची आजारपणं असं बरंच काही एकदम आलं होतं, त्यांतली सुमारे दोन तृतीयांश मुलं पुढे अडखळली. पण एक तृतीयांश धडधाकट, मायाळू, कामाची माणसं झाली. ती कशामुळे सावरली? एक तर जीव लावणारं निदान एक माणूस त्यांना मिळालं होतं. ते आईच असावं असं नाही. आजी, मावशी, शेजारीण, मोठी बहीण, कुणीही. आणि दुसरं म्हणजे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांवर लहानपणीच कुणाची तरी जबाबदारी होती. धाकटी भावंडं सांभाळणं, हे त्यातलंच.

हेही सांगितलं की याचा अर्थ पोरींच्या कडेवर बाळं देत सुटा, असा नाही. बुडालेली शाळा ही बुडालेलीच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात (आताचा पालघर) बोर्डी-कोसबाडला काम केलं, तेव्हा त्यांच्यापुढेही अशाच मुली होत्या. त्यांनी मुलीला दोष दिला नाही, आईलाही नाही. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली, म्हणजे ताई शिकेल आणि कडेवरचं बाळही जवळच राहील. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. चूक आईची नव्हती. बाळाला ठेवायला जागा नव्हती, ही अडचण होती.

वर्ग शांत होता. मी मुद्दाम कुणाकडेच बघत नव्हते. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, त्या बेटावर ऊस असतो का?"

हसू आलं. म्हटलं, तेव्हा होता, भरपूर. त्या मुलांपैकी अनेकांचे आई-बाप उसाच्या मळ्यातच राबायचे. त्याबरोबर वर्गात कुजबुज झाली, दोघी-तिघींनी मान वर केली. एवढा वेळ कुठलंसं लांबचं बेट होतं, ते एकदम वारणेकाठी आलं.

तो कागद कुणाचा, हे मला अजून माहीत नाही. ती घरी आईशी बोलली की नाही, तेही कळणार नाही. नावं घालू नका असं मीच म्हटलं होतं ना.

एक मात्र ठरवलंय. हे कागद शेवटी वाटायचे नाहीत. शेवटी दिलेलं मत पुढच्या वर्षीच्या मुलांच्या उपयोगाचं. ज्यानं ते दिलं त्याला त्यातून काय मिळतं? आसक्तीचा धडा झाला की दुसऱ्याच दिवशी वाटायचे.

असो. आत्या, रविवारी फोन करते. आणि हो, लहानपणी मला कडेवर कुणी घेतलं होतं, ते मी विसरलेले नाही.