तीन तासांचं बूच

जवाहर चौकात आमचं नळाच्या सामानाचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं, आता मी बघते. वायसर, निपल, सॉकेट, बॉल वॉल्व, होज क्लिप, सूत आणि सफेदा. सकाळी दुकान उघडलं की पहिलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतं : "दीदी, टपक रहा है, कुछ ऐसा दे दो कि अभी रुक जाए." या 'अभी'चा हिशोब मला पंचवीस वर्षांत चांगला कळलाय. पण तो मोजून घ्यायची वेळ मात्र गुहागरच्या समोर, भर समुद्रात आली.

भोपाळच्या मराठी घरात शिडाच्या होडीचं वेड कुठून आलं, असं मुंबईचे नातेवाईक विचारतात. त्यांना बडा तालाब माहीत नसतो. राजा भोजाच्या काळापासूनचं, ३० चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं पाणी आमच्या उशाशी आहे. पावसाळ्यात भदभद्याची दारं कधी उघडतील यावर पैजा लागतात, आणि १६६६.८० फूट हा आकडा इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतो. याच तळ्यावर सराव केलेल्या हर्षिता तोमरने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक आणलं आणि देवासच्या नेहा ठाकूरने हांगझोऊला २०२३ मध्ये रौप्य. माझा भाचा, मोठ्या बहिणीचा मुलगा, सतरा वर्षांचा, त्यांच्याकडे बघूनच शीड शिकला. त्याला सोडायला-आणायला जाता जाता मीही थोडंफार शिकले.

त्याच्या लेझर होडीच्या मागच्या अंगाला एक लहानसं बूच असतं. आत साठलेलं पाणी काढायला. त्याचा वायसर झिजला की पोकळ होडीत हळूहळू पाणी शिरतं. होडी बुडत नाही, पण जड होते, आणि शर्यतीत मागे का पडतोय ते पोराला कळत नाही. गळती शोधायची युक्ती सायकलच्या पंक्चरवाल्याचीच : आत अगदी हलकी हवा भरायची, सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवायचं, बुडबुडा आला तिथे भोक. हे सगळं गोड्या पाण्यातलं. खाऱ्या पाण्याचा कायदा वेगळा असतो.

माझ्या मावसभावाची, म्हणजे दादाची, मुंबईत एक जुनी तीस फुटी यॉट आहे. गेल्या नोव्हेंबरात तो ती गोव्याला नेणार होता. भाच्याला समुद्र दाखवायचा म्हणून आम्ही दोघं निघालो. पहाटे मुंबई सोडली. दुपारी वायव्येचा वारा छान मिळाला, रात्री तो पडला आणि मग किनाऱ्याकडून मतलई वारा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी फटफटताना आम्ही गुहागरच्या समोर होतो. सुकाणू दादाकडे होतं. भाचा चहा करायला खाली गेला आणि तिथूनच ओरडला, "मावशी, पाय ओले झाले!"

होडीत पाणी दिसलं की पहिली गोष्ट काय करायची माहीत आहे? चाखायचं. मी बोट बुडवून जिभेला लावलं. गोडं असतं तर पिण्याची टाकी फुटली असं समजून निवांत चहा घेतला असता. खारट होतं.

यॉटच्या तळाला मुद्दाम पाडलेली भोकं असतात, हे पुष्कळांना नवल वाटतं. सिंकचं पाणी बाहेर जायला, संडासाला, इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यायला. प्रत्येक भोकात एक धातूची नळी, तिच्यावर आतून वॉल्व, वॉल्ववर होज बसवायची टोटी. म्हणजे माझ्याच दुकानातलं सामान, फक्त पलीकडे महापालिकेची टाकी नसून अरबी समुद्र. दादाच्या होडीत अशी पाच होती. सिंकखालच्या टोटीच्या मुळाशी पाणी झिरपत होतं. वॉल्व बंद करायला गेले तर दांडा जागचा हलेना. मी टॉर्च मारला आणि धातूचा रंग पाहिला. पिवळा नव्हता, गुलाबी होता.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. घरच्या पाण्यात ते वर्षानुवर्षं टिकतं. समुद्राच्या पाण्यात जस्त हळूहळू विरघळून जातं आणि मागे राहतं ते स्पंजासारखं सच्छिद्र, ठिसूळ तांबं. आकार तोच, आटे तेच, ताकद बिस्किटाची. म्हणून होडीला गनमेटल किंवा खरं ब्राँझ लावतात, ज्यात कथील असतं. आधीच्या मालकाने कधीतरी स्वस्तातलं पितळ बसवलं होतं.

"दादा, हात लावू नकोस," मी म्हणाले. पण भाच्याला सुकाणू देऊन तो पान्हा घेऊन आलाच होता. होज क्लिप जरा आवळली, आणि टोटी मुळातून तुटून होजसकट त्याच्या हातात आली. अंगठ्याएवढा जाड पाण्याचा खांब सिंकखालच्या कपाटाच्या छतावर आदळला.

इथे थोडं गणित सांगते, कारण या गणितानेच माझं डोकं ठिकाणावर राहिलं. पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या मीटरवर १ इंची भोक असेल तर मिनिटाला सुमारे ५५ लिटर पाणी आत येतं. पंधरा लिटरची बादली सोळा-सतरा सेकंदांत भरते. ऐकायला भयंकर. पण त्याच भोकावर पाणी जो जोर लावतं, तो किती? पाव किलोच्या वजनाएवढा. अर्धा पाव साखर आणि अर्धा पाव चहा हातावर ठेवला तर जेवढा. म्हणजे ते पाणी बघायला राक्षस आणि अडवायला मांजर. मी तळहात दाबून धरला. खांब मोडला, बोटांच्या फटींतून थोडं थोडं येत राहिलं.

"बुचं कुठे आहेत?"

लाकडी शंकूसारखी बुचं प्रत्येक यॉटवर ठेवतात. मऊ लाकडाची, म्हणजे पाणी पिऊन फुगतात आणि जागेवर घट्ट बसतात. दादाकडेही होती. पुढच्या कपाटात, पिशवीत, नांगराच्या साखळीखाली. दादा परत सुकाणूवर गेला आणि भाच्याने सगळी साखळी उपसली. तेवढा वेळ मी हात धरून बसले होते. एवढा वेळ दाबून धरलं की बोटं बधिर होतात हे मला तेव्हा कळलं. मुलगा मात्र एक शब्द न बोलता काम करत होता.

बूच आल्यावर दादा वरून म्हणाला, "हाण हातोडीने." मी हातोडी घेतली नाही. वरची टोटी बिस्किट झाली होती, तर खालची नळी तरी कशाच्या भरवशावर? वॉल्ववर घाव बसला असता आणि नळी तळाशीच मोडली असती, तर भोक दीड इंचाचं झालं असतं, पाणी दुपटीच्याही वर, आणि बूच धरायला आटासुद्धा उरला नसता. बुचाला जुन्या सुती फडक्याची पट्टी गुंडाळली आणि हाताने पिळत पिळत दाबलं. पाणी कमी झालं, मग थेंब, मग ओल. वरून दोरीने आडवं बांधलं, म्हणजे हादऱ्याने सुटून येऊ नये. दोन रंगांची घरगुती पुट्टी दादाच्या पेटीत होती, पण ती कोरड्या, स्वच्छ जागेवर धरते. ओल्या, गंजक्या धातूवर तिचं लिंपण करण्यात अर्थ नव्हता. शिवाय लिंपलं की आतलं दिसेनासं होतं, आणि मला दिसायला हवं होतं.

मग मी दुकानातली, बाबांची युक्ती केली. सांध्याखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरला. डोळ्याला न दिसणारा थेंब कागदाला दिसतो. भाच्याला तिथे टॉर्च घेऊन बसवलं. दर दहा मिनिटांनी कागद बघायचा आणि वेळ लिहायची.

आणि इथून खरा वाद सुरू झाला. कागद कोरडा होता. दादा म्हणाला, "थांबलं ना? मग गोव्याला जाऊन बघू. तिथे सगळी सोय आहे." त्याचंही चूक नव्हतं. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात 'म्हादेई' बांधली गेली, जिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि पुढे 'तारिणी'ही. होडीच्या दुखण्याला याहून जाणती माणसं कुठे मिळणार? पण गोवा अजून तीस तास दूर होता. जयगडची खाडी तीन तास. मी दादाला विचारलं, "हे बूच किती तास टिकेल, सांग." तो म्हणाला, "तू सांग, तुझा धंदा आहे." मी म्हटलं, "तीन तासांची हमी देते. तीसची देत नाही. मध्ये दुपारचा वारा आहे, लाटा आहेत, एक पूर्ण रात्र आहे, आणि बहिणीचा मुलगा आहे." भावाबहिणीत असे वाद होतात तेव्हा जुनी खातीही उघडतात. माझ्या लग्नापासूनची उघडली. ती इथे लिहीत नाही.

मधेच भाच्याने खालून 'सुहेली'ची गोष्ट काढली. त्याच्या खोलीत तिचं चित्र लावलेलं आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची ती ३२ फुटी सागवानी होडी आपल्या मुंबईत, कुलाब्याला, सुतारांनी तासणी आणि दोरीने फिरवायच्या सामत्याने घडवलेली. १४ जून १९६८ ला तो इंग्लंडमधल्या फालमथहून निघाला आणि केप वर्दे बेटांपुढे त्याच्या लक्षात आलं, की तळाच्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येतंय. त्याने पाण्यात उतरून फटीत कापूस ठोकायचा प्रयत्न केला. दम संपून वर यायचा, तोवर कापूस निसटलेला. मग त्याने कापूस कॅनव्हासच्या पट्टीवर शिवला, डांबर चोपडलं, चुका आधीच टोचून ठेवल्या आणि पट्टी बाहेरून ठोकली. वर तांब्याची पट्टी. मधेच शार्क आला, तो बंदुकीने मारावा लागला. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी मारून तो परत फालमथला पोचला.

"बघ, त्याने नाही का नेली?" दादा म्हणाला. भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, त्याने बाहेरून लावलं होतं. आपलं आतून आहे."

मला त्या क्षणी त्याचा फार अभिमान वाटला. मुद्दा तोच होता. बाहेरून लावलेल्या पट्टीला समुद्र स्वतः दाबून धरतो. आतून मारलेल्या बुचाला तोच समुद्र चोवीस तास ढकलत असतो. दादाने काही न बोलता सुकाणू वळवलं.

जयगडला पोचेपर्यंत कागदावर रुपयाएवढी ओल आली होती. भाच्याच्या वहीत वेळ आहे : नऊ वाजून दहा मिनिटं, म्हणजे बूच मारल्यावर दोन तास पंचवीस मिनिटांनी.

खाडीत एका मच्छीमार होडीच्या तांडेलाने आमचा दोर घेतला. साठीचा माणूस. भोपाळहून आलो म्हटल्यावर तो हसला, "तिकडे समुद्र कधी आला?" खाली येऊन त्याने वॉल्व बघितला, बुचाला हात लावला नाही आणि हातोडी न मारल्याबद्दल मान डोलावली. गनमेटलचं सामान तिथे मिळणार नव्हतं. त्याने वेगळा उपाय काढला. दोन गोल लाकडी चकत्या, ट्रकच्या ट्यूबचे दोन तुकडे, एक लांब स्टेनलेसचा बोल्ट. त्याचा मुलगा बुडी मारून तळाशी गेला आणि कापड गुंडाळलेलं दुसरं बूच बाहेरून बसवलं. पाणी गढूळ, सगळं काम चाचपून. आम्ही आतून जुना वॉल्व आणि नळी काढली. आटे हातात चुऱ्यासारखे आले. मग बाहेरचं बूच निघालं, रबर लावलेल्या चकतीसकट बोल्ट आत आला, मी आतून रबर, चकती आणि नट चढवून आवळला. एवढ्यात बादलीभर पाणी आलं. कागद पसरला. तासाभराने कोरडा, संध्याकाळी कोरडा, सकाळी कोरडा.

हेही तात्पुरतंच होतं, पण मुंबईपर्यंतचं. दादा हवामान बघून, किनारा धरून, दिवसा दिवसा होडी परत घेऊन गेला. आम्ही दोघं रत्नागिरीहून रेल्वेने निघालो.

मुंबईत होडी पाण्याबाहेर काढल्यावर दादाने उरलेल्या चार वॉल्वना लहान हातोडीने टिचक्या मारल्या. चांगला धातू खणखणतो. दोन वॉल्व बद्द वाजले आणि तिसऱ्या टिचकीला मोडले. त्यातला एक इंजिनाच्या पाण्याचा होता, पाचांतला सगळ्यात मोठा. पाचही गनमेटलचे घेतले, आमच्याच दुकानातून, आणि मी त्याला पै-पैचं बिल लावलं. आता प्रत्येक वॉल्वच्या मानेला त्याच्याच मापाचं बूच सुतळीने बांधलेलं आहे. ती पाचही भाच्याने सुट्टीत देवदाराच्या खोक्याच्या फळीतून तासून पाठवली, प्रत्येकावर पेन्सिलने माप लिहून.