मान खाली घातलेल्या पोराला आम्ही नापास केले



काही वर्षांपूर्वी सोलापुरात एका शिष्यवृत्तीच्या मुलाखती होत्या. मुलाखत घेणाऱ्या तिघांत आम्ही एक होतो. समाजशास्त्रात एम.ए. केलेले, वस्त्यांमध्ये फिरणारे, त्यामुळे आपल्याला माणूस ओळखता येतो असा आमचा पक्का समज होता. एक पारधी मुलगा आत आला. दहावीला गुण चांगले. पण सगळी मुलाखत संपेपर्यंत मान वर नाही. हात मागे, उत्तरे जमिनीकडे बघून. आम्ही कागदावर लिहिले, 'आत्मविश्वास नाही. काहीतरी लपवतो आहे.' त्याचे नाव यादीतून गेले.

दोन महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्याच्या पालावर गेलो. तोच मुलगा लहान पोरांना गणित शिकवत होता, खणखणीत आवाजात. आम्हाला बघताच त्याची मान खाली गेली. आम्ही त्याच्या वडिलांना विचारले, हा असे का करतो? ते म्हणाले, "सर, पोलिसाच्या डोळ्याला डोळा दिला की आधी थोबाडीत बसती, मग नाव इचारत्यात. पोरांना न्हानपणापास्नंच सांगतो, सायबापुढं मान खाली ठेव."

म्हणजे जो आम्हाला खोटेपणा वाटला, तो जीव वाचवण्याचा धडा होता. आणि त्या पोरासाठी आम्हीही 'साहेब'च होतो.

ही गोष्ट सोलापुरात घडली याला अर्थ आहे. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला, पुढे तो आपल्याकडेही लागू झाला. काही जमाती जन्मानेच चोर ठरल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे तारेच्या कुंपणात राहिली, त्यांना हजेरी द्यावी लागली. 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का कागदावरून निघाला. पण बघणाऱ्याच्या डोळ्यातून निघाला का? आमच्या त्या शेऱ्यातला 'लपवतो आहे' हा शब्द कुठून आला, हे आम्ही स्वतःला विचारले तेव्हा उत्तर देताना आमचीच मान खाली गेली.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासमध्ये आपल्या पोरांना सांगतात की संवादातला 93 टक्के भाग देहबोलीचा आणि आवाजाचा असतो. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 सालच्या प्रयोगांतून आला. ते प्रयोग एकेकटे शब्द, त्यांचा सूर आणि चेहऱ्याचे फोटो घेऊन केले होते, तेही फक्त आवड-नावड तपासायला. सगळ्या बोलण्याला तो लावणे चूक आहे. माणूस खोटे बोलतोय की खरे, हे नुसते बघून किती ओळखता येते? 2006 साली 200 हून अधिक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा सरासरी निघाली 54 टक्के. नाणे उडवले तरी 50 टक्के मिळतात! अमेरिकेत विमानतळांवर प्रवाशांच्या हावभावांवरून संशयित हेरण्याची योजना होती. 2013 मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनीच तिला पुरेसा आधार नसल्याचे सांगितले. मग पुरावा नसताना आपण जे 'ओळखतो', ते काय असते? बहुतेक वेळा आपला पूर्वग्रह असतो.

कोणी म्हणेल, मग चेहरा वाचूच नये का? वाचावा, पण बाबासाहेबांसारखा. 1901 साली सातारहून गोरेगावला वडिलांकडे निघालेला लहान भीमराव घरातल्या इतर मुलांसोबत मसूर स्टेशनवर उतरला. अंगावरचे चांगले कपडे बघून स्टेशनमास्तरने त्यांना ब्राह्मणाची मुले समजले. जात कळली आणि त्याचा चेहराच पालटला. गंमत बघा, मास्तरने कपड्यांवरून केलेला अंदाज साफ चुकला, पण मुलाने मास्तरच्या चेहऱ्यावरून केलेला अंदाज बरोबर निघाला. कारण तो चेहरा बदलण्याआधी काय बोलणे झाले हे मुलाला माहीत होते, आणि पुढे गाडीवानांनी नकार दिल्यावर त्याची खात्रीच पटली. आधी काय झाले, नंतर काय झाले, हे जोडल्याशिवाय चेहऱ्याला अर्थ नाही.

तेव्हापासून आम्ही काही नियम पाळतो. एका हालचालीवरून निष्कर्ष काढायचा नाही. तो माणूस आपल्या माणसांत कसा वागतो ते आधी बघायचे. आपण खुर्चीवर आणि तो उभा असेल, तर त्याच्या अंगात दिसते ती आपल्या खुर्चीची भीती असू शकते. बैठकीत बाया गप्प बसल्या म्हणजे संमती झाली असे लिहायचे नाही. आणि शेवटचे, सगळ्यात सोपे : विचारायचे.

त्या मुलाने पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला. या वेळी मुलाखत त्याच्या पालावर, सतरंजीवर बसून झाली. मान सुरुवातीला खालीच होती. आम्ही त्याला गणित समजावून सांगायला सांगितले आणि दहा मिनिटांत तो आमच्याकडे बघून आमचीच चूक दाखवत होता. शिष्यवृत्ती मिळाली. पण मधले एक वर्ष त्याने विटभट्टीवर काढले. ते वर्ष आमच्या एका ओळीने खाल्ले, हे आम्ही विसरत नाही. तुम्हीही उद्या खुर्चीवर बसाल, तेव्हा विसरू नका.

जय भीम.