काळविटाचा माग

काळवीट पाहायचं ठरलं तेव्हा आम्हा तिघांपैकी एकालाही गवताळ रानाची सवय नव्हती. नाशिकभोवतालचे किल्ले पायाखालचे. पण डोंगरात कडा, ओढा, सुळका अशी काही ना काही खूण असते. येवला तालुक्यातलं ममदापूर मात्र सपाट. सुमारे ५४ चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र आणि त्याला खेटून कांद्या-मक्याची शेतं.

म्हणून आधी नुसती पाहणी करायची, कॅमेरा नंतर, असं ठरवलं. वनखात्याची परवानगी काढली, उपग्रह नकाशावर पाणवठे हेरले. एप्रिल निवडला, कारण ओढे आटले की कळप उरल्यासुरल्या पाण्याकडे वळतात. तेव्हा वारा बहुधा पश्चिमेचा. पाणवठ्याच्या पूर्वेला बसलं तर आपला वास त्यांच्याकडे जात नाही, सकाळचं ऊनही पाठीशी राहतं.

सोबतच्या वनमजुरांना आम्ही मामा म्हणत होतो. त्यांनी आमचा बेत शांतपणे ऐकून घेतला. "वाऱ्याचं ठीक आहे. पण हरणाचा सगळा भरवसा डोळ्यावर. उभा माणूस दिसला की गेलंच ते!"

मग त्यांनी आम्हाला जमिनीकडे बघायला शिकवलं. एकाच जागी साचलेला लेंड्यांचा ढीग म्हणजे नराची हद्द. तो पुन्हा पुन्हा तिथेच येतो. वरच्या लेंड्या ओलसर असतील तर स्वारी जवळपासच आहे. बोरीच्या काडीवरचा चिकट डाग त्याच्या डोळ्यापुढच्या ग्रंथीचा. शेळीचा खूर बोथट, हरणाचा टोकाला निमुळता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणवठा सोडून अशाच एका ढिगापासून बऱ्याच अंतरावर, बांधाआड बसलो. उजाडताना पिवळट माद्या चरत आल्या. मागोमाग नर: पाठ काळी, पोट पांढरं, मान उंचावून पिळाची शिंगं पाठीकडे झुकवलेली. तेवढ्यात लांब रस्त्यावर मोटारसायकल फटफटली आणि कळप उड्या घेत पसार झाला.

परतताना मामांनी बिनकठड्याची विहीर दाखवली. कुत्री मागे लागली की बिथरलेली हरणं अशा विहिरींत पडतात. शेजारचा शेतकरी म्हणाला, "हरणं बघायला समदे येतात, त्यांनी खाल्लेलं पीक बघायला कोण येतं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

माग काढायची ही विद्या एकेकाळी बंदुकीच्या कामी यायची. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्याची शिकार गुन्हा आहे. विद्या मात्र टिकवण्यासारखी आहे. तुम्ही जाणार असाल तर वनरक्षकाला कळवून जा, पहिली फेरी फक्त खुणा वाचण्यासाठी ठेवा, आणि गाडी गवतात अजिबात घालू नका. माद्या आपली पाडसं तिथेच दडवून चरायला जातात.